दुर्मीळ असलं म्हणजे अवघड असतंच असं नाही

२०२५ चा मेजर लीग बेसबॉलचा सीझन भलताच गेला. एकाच बॅटरने एका मॅचमध्ये चार होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा, थेट भिंतीबाहेरचा फटका) मारायचे हा प्रकार या खेळाच्या जवळजवळ दीडशे वर्षांत फक्त २१ वेळा झालाय आणि त्यातले तीन या एका वर्षातले. एप्रिलमध्ये अ‍ॅरिझोनाचा युहेनियो सुआरेझ, जुलैमध्ये अ‍ॅथलेटिक्सचा निक कर्ट्झ, ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर. त्यावर कळस म्हणजे १७ ऑक्टोबरला डॉजर्सच्या शोहेइ ओहतानीने एकाच मॅचमध्ये पिचिंग (बॉल टाकायचं काम) करून १० जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका न मारू देता आउट केलं, आणि बॅटिंग करून तीन होम रनही मारले. तेव्हापासून सगळ्यात मोठा पराक्रम कुठला हा वाद जेवणाच्या सुट्टीत, टीव्हीवर, आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळीकडे चालू आहे आणि तो ज्या पद्धतीने चालू आहे ते बघून मला राहवत नाही. एकजण म्हणतो परफेक्ट गेम (समोरच्या एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देणं) २४ झाल्यात, चार होम रन २१ वेळा, म्हणजे चार होम रन मोठे. लगेच दुसरा म्हणतो अनअसिस्टेड ट्रिपल प्ले तर फक्त १५, म्हणजे तो सगळ्यांचा बाप. आकडा जितका लहान तितका पराक्रम मोठा, संपला विषय. हे काय लॉजिक झालं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखादी गोष्ट किती वेळा झाली, ती करायला किती अवघड होती आणि तिच्यामुळे टीमला किती फायदा झाला हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचं उत्तर देऊन बाकीच्या दोघांची उत्तरं मिळाली असं समजणं चूक आहे. माझ्या हिशोबाने सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे जो डिमॅजिओचे सलग ५६ मॅचमधले हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर पोहोचणं), एका दिवसात केलेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे ओहतानीची ती ऑक्टोबरची मॅच, आणि ज्याचा आकडा सगळ्यात लहान आहे तो अनअसिस्टेड ट्रिपल प्ले या सगळ्यांत हलका. परफेक्ट गेम यांच्या मधे कुठेतरी बसते, लोक बसवतात त्यापेक्षा बरीच खाली.

त्या ट्रिपल प्लेपासूनच सुरू करू, कारण तिथेच सगळी गल्लत दिसते. इनिंगमध्ये तीन आउट असतात आणि एकाच फिल्डरने, दुसऱ्या कुणाचाही हात न लागता, एकाच बॉलवर तिन्ही आउट केले की तो अनअसिस्टेड ट्रिपल प्ले. ऐकायला जादू वाटते. पण तो होतो कसा ते बघा. अजून एकही आउट झालेला नाही, रनर निदान पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर उभे आहेत, बहुतेक वेळा दोघेही पिच पडताक्षणी धावत सुटलेत, आणि बॅटरने जोरात सरळ फटका मारलाय तो नेमका दुसऱ्या बेसजवळच्या फिल्डरच्या ग्लव्हमध्ये. झेल घेतला, एक आउट. पुढे गेलेला रनर परतायच्या आत बेसवर पाय ठेवला, दोन आउट. पहिल्या बेसवरून धावत आलेला रनर समोरच थबकलाय, त्याला हात लावला, तीन आउट. झेल अवघड असू शकतो, पण तसले झेल चांगले शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले फिल्डर) दर आठवड्याला घेतात. बाकी सगळं समोरच्यांनी जुळवून दिलेलं असतं. १९२७ मध्ये ३० आणि ३१ मेला, म्हणजे लागोपाठच्या दोन दिवशी, जिमी कूनी आणि जॉनी न्यून या दोन वेगवेगळ्या टीमच्या खेळाडूंनी हे केलं आणि मग पुढची ४१ वर्षं कुणालाच जमलं नाही. त्या ४१ वर्षांत फिल्डर ढ झाले होते का? अर्थातच नाही, योग जुळला नाही एवढंच.

एरिक ब्रंटलेटचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. २३ ऑगस्ट २००९, फिलाडेल्फिया विरुद्ध मेट्स, शेवटची इनिंग. त्याच इनिंगमध्ये ब्रंटलेटच्या हातून एक सरळ चूक झाली, पुढचा बॉल त्याच्या ग्लव्हला लागून निसटला आणि तो हिट ठरला. त्याच्यामुळेच बेसवर रनर साचले होते. पुढच्या बॅटरचा फटका त्याच्या ग्लव्हमध्ये आला, त्याने एकट्याने तिघांना आउट केलं, मॅच तिथेच संपली आणि तो १५ जणांच्या यादीत कायमचा जाऊन बसला. मला त्याचं कौतुक आहेच, त्या क्षणी डोकं शांत ठेवून बेसवर पाय ठेवायचा की रनरला हात लावायचा हे ठरवणं सोपं नसतं. पण या यादीत जायला आधी स्वतःच रनर चढू दिले तरी चालतात, तर ती यादी अवघडपणा मोजतेय असं कसं म्हणायचं?

याहून जुनं उदाहरण वर्ल्ड सीरिजमधलं. १० ऑक्टोबर १९२०, क्लीव्हलंडचा बिल वॉम्ब्सगान्स, वर्ल्ड सीरिजच्या इतिहासातला एकमेव अनअसिस्टेड ट्रिपल प्ले. पण तो पाचव्या इनिंगमध्ये झाला तेव्हा क्लीव्हलंड ७-० ने पुढे होतं. पहिल्याच इनिंगमध्ये एल्मर स्मिथने बेस भरलेले असताना होम रन मारून मॅच जवळजवळ खिशात टाकली होती, आणि वर्ल्ड सीरिजमधला तो पहिलाच ग्रँड स्लॅम. ग्रँड स्लॅम पुढे कितीतरी झाले म्हणून स्मिथचं नाव मागे पडलं, ट्रिपल प्ले पुन्हा झाला नाही म्हणून वॉम्ब्सगान्सचं नाव राहिलं. त्या दिवशी क्लीव्हलंडला मॅच कुणी जिंकून दिली असं त्यांच्या मॅनेजरला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं?

आणि आकडाच बघायचा असेल तर मग १५ वर का थांबायचं? २३ एप्रिल १९९९ ला फर्नांडो तातीसने एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम मारले, तेही एकाच पिचरला. आजवर एकदाच. जॉनी व्हँडर मीरने जून १९३८ मध्ये चार दिवसांच्या अंतराने सलग दोन नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न मिळालेल्या मॅच) टाकल्या. आजवर एकदाच. आकड्याच्या हिशोबाने हे दोघे सगळ्यांच्या वर बसायला हवेत, पण व्हँडर मीरला कुणी सार्वकालिक सर्वश्रेष्ठ पिचर म्हणत नाही, आणि करिअरच्या शेवटी त्याच्या नावावर ११९ विजय आणि १२१ पराभव होते. म्हणजे आकडावाले स्वतःच्याच नियमाला शेवटपर्यंत धरून राहत नाहीत, जिथे सोयीचं तिथे वापरतात.

आता समोरच्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की दोन लाखांहून जास्त मॅच झाल्या, हजारो खेळाडू आले नि गेले, प्रत्येकाला संधी होती, आणि तरीही एखादी गोष्ट २४ च वेळा झाली तर ती अवघड असल्याशिवाय का? बरोबर आहे. आकडा काहीतरी सांगतो. पण संधी सगळ्यांना सारखी असते हेच मुळात खरं नाही. परफेक्ट गेममध्ये पिचरची रोज संधी असते, तो मैदानात उतरला की घड्याळ चालू. ट्रिपल प्लेमध्ये फिल्डर आयुष्यभर उभा राहील पण तसा फटका तशा वेळी त्याच्याकडे येणारच नाही. दहा हजार वेळा प्रयत्न करून एकदाच जमणं वेगळं आणि दहा वर्षांत प्रयत्न करायचीच वेळ एकदा येणं वेगळं. दोन्हींचा आकडा सारखाच लहान दिसतो.

दुसरं म्हणजे काळ बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो. बेब रूथने १९२० मध्ये ५४ होम रन मारले तेव्हा लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर असलेल्या जॉर्ज सिसलरचे होते १९, आणि अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या टीमला रूथएवढे होम रन जमले नव्हते. ओहतानीनेही २०२४ मध्ये बरोबर ५४ मारले. आकडा तोच. त्यादरम्यान कितीतरी जणांनी ५० च्या वर मजल मारली म्हणून रूथचे ते ५४ आज सोपे झाले का? मला वाटतं एखादी गोष्ट किती अवघड होती हे बघायचं तर ती किती जणांनी केली यापेक्षा दुसऱ्या नंबरचा माणूस किती मागे राहिला ते बघावं. आपल्याला हे क्रिकेटमधून पक्कं माहीत आहे, ब्रॅडमनच्या ९९.९४ कडे आपण बघतो तेव्हा नंतरचे सगळे साठीच्या आसपास दाटीवाटीने उभे आहेत हेच तर आपल्याला थक्क करतं.

परफेक्ट गेमकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. क्रिकेटवाल्या वाचकांसाठी थोडक्यात: नऊ इनिंग, २७ बॅटर, एकही बेसपर्यंत पोहोचू द्यायचा नाही. हिट नाही, वॉक (चार वाईट बॉल टाकून फुकट दिलेला बेस) नाही, फिल्डरची चूकही नाही. साधा हिशोब करून बघा. साधारण बॅटर शंभरातल्या ६८ वेळा आउट होतो असं धरा. सलग २७ आउट व्हायची शक्यता येते ३३ हजारांत एक. सीझनमध्ये २,४३० मॅच, प्रत्येक मॅचमध्ये दोन बाजूंचे पिचर, म्हणजे सगळे पिचर साधारण असले तरी सात वर्षांत एखादी परफेक्ट गेम आपोआप पडेल, कुणी काही अचाट न करता. आता पिचर महान आहे, तो शंभरातले ७५ आउट करतो असं धरलं तर शक्यता होते २,४०० त एक. म्हणजे चौदापट जास्त, हे मान्य. पण त्या महान पिचरने करिअरमध्ये ७०० मॅच टाकल्या तरी त्याला एखादी परफेक्ट गेम मिळायची शक्यता चारात एकच आहे. म्हणून नोलन रायनकडे सात नो-हिटर आहेत, ५,७१४ स्ट्राइकआउट आहेत आणि परफेक्ट गेम एकही नाही. रॉजर क्लेमेन्स, ग्रेग मॅडक्स या महान पिचरांकडेही नाही. आणि यादीत कोण आहे? फिलिप हंबर, ज्याने २०१२ च्या एप्रिलमध्ये परफेक्ट गेम टाकली आणि आख्ख्या करिअरमध्ये १६ मॅच जिंकल्या. डोमिंगो हेर्मान, ज्याला जून २०२३ मध्ये आदल्याच मॅचला १० रन पडले होते आणि ज्याने परफेक्ट गेम टाकली ती त्या वर्षी ११२ मॅच हरलेल्या ओकलंडविरुद्ध.

याच यादीत सँडी कूफॅक्स, साय यंग, रँडी जॉन्सन, रॉय हॅलाडे आहेत हे मी लपवत नाही, चौदापट शक्यतेचा परिणाम तो हाच. लॉटरी सगळ्यांसाठी खुली आहे पण काहींकडे चौदा तिकिटं आहेत. तरी लॉटरी ती लॉटरीच.

आणि ती एकट्याची नाहीच. २३ जुलै २००९ ला शिकागोचा मार्क ब्युर्ले नवव्या इनिंगमध्ये आला, पहिल्याच बॅटरने, गेब कॅपलरने, बॉल थेट भिंतीबाहेर जाईल असा मारला आणि त्याच इनिंगला मैदानात आलेल्या डिवेन वाइजने भिंतीवर उडी मारून तो ओढून आणला, हातातून निसटला तोही पुन्हा पकडला. ती मॅच इतिहासात ब्युर्लेच्या नावावर आहे. १९५६ ची डॉन लार्सनची वर्ल्ड सीरिजमधली परफेक्ट गेम घ्या, मिकी मँटलने धावत जाऊन घेतलेला तो झेल नसता तर? आता याच्या उलट शिकागो कब्जचा केरी वुड, ६ मे १९९८, वय २०. त्याने २७ पैकी २० आउट स्वतः स्ट्राइकआउट करून मिळवले, एकही वॉक नाही, एकच हिट आणि तोही इनफिल्डमध्येच अडकलेला. एक बॅटर अंगाला बॉल लागून बेसवर गेला. वुड परफेक्टच्या यादीत नाही, नो-हिटरच्या यादीतही नाही. पण बॅटरला बॉलला बॅटच लावू न देणं हे पिचरच्या हातातलं काम आहे, लागलेला बॉल कुठे जाईल हे फारसं नाही, आणि म्हणून मी वुडची मॅच त्या २४ पैकी निम्म्याहून जास्त परफेक्ट गेमच्या वर ठेवेन.

यावर लोक म्हणतात की अरे पण ते दडपण, सातव्या इनिंगनंतर डगआउटमध्ये पिचरशी कुणी बोलतही नाही, एक चूक झाली की सगळं संपलं, हे सहन करणं सोपं आहे का? नाही, अजिबात नाही आणि या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आकड्यात न मावणारी ही गोष्ट आहे हे मी मान्य करतो. फक्त एवढंच म्हणेन की ते दडपण यादीबाहेरच्यांनीही सोसलंय. २ जून २०१० ला डेट्रॉइटच्या अर्मांडो गलारागाने २६ जणांना सलग आउट केलं, सत्ताविसावाही आउट होता, पण पहिल्या बेसवरच्या अम्पायरने, जिम जॉइसने, सेफ दिला. रिप्ले बघून जॉइसने स्वतः चूक कबूल केली, दुसऱ्या दिवशी मैदानात त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. निर्णय मात्र बदलला नाही. गलारागाने खरं तर २८ आउट केले, एक जास्तच. आणि १३ एप्रिल २०२२ ला क्लेटन कर्शॉ सात इनिंग परफेक्ट होता, १३ स्ट्राइकआउट, फक्त ८० पिच टाकलेले, आणि मॅनेजरने त्याला बसवलं कारण सीझन मोठा होता नि हात जपायचा होता. यादीत न जायचं कारण एकदा अम्पायर, एकदा मॅनेजर. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकरांचं काय झालं? १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त ९ कमी, आणि समोरची टीम मॅच सोडून निघून गेली. रेकॉर्डच्या पुस्तकात ४४३ च लिहिलेलं असतं.

आता मोलाचा मुद्दा. इथे परफेक्ट गेमवाल्यांची बाजू भारी आहे हे आधी सांगतो. साधारण टीम एका मॅचमध्ये साडेचार रन करते, परफेक्ट गेममध्ये शून्य, म्हणजे साडेचार रन वाचले. एका होम रनची किंमत सरासरी १.४ रन धरतात, म्हणजे चार होम रनचे साडेपाच. ट्रिपल प्लेने वाचतात दीडेक रन. कागदावर चार होम रन पुढे आहेत. पण चार होम रन मारूनही निदान तीन वेळा टीम हरली आहे: १८९६ मध्ये एड डेलाहँटी, १९८६ मध्ये बॉब हॉर्नर आणि २०२५ मध्ये सुआरेझ. सुआरेझने चौथा होम रन नवव्या इनिंगमध्ये मारून मॅच बरोबरीत आणली आणि दहाव्यात त्यांची टीम ८-७ ने हरली. एजाझ पटेल आठवा, मुंबईत जन्मलेला माणूस, २०२१ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडकडून एका इनिंगमध्ये दहाच्या दहा विकेट घेतो आणि टीम ३७२ रननी हरते. नऊ इनिंगमध्ये संपलेली परफेक्ट गेम मात्र हरताच येत नाही, समोरच्याचा रनच नसतो.

दुसरी गोष्ट, चार होम रन बहुतेक वेळा कुठल्या मॅचमध्ये होतात बघा. श्वार्बरची मॅच १९-४, कर्ट्झची १५-३, २०१७ च्या जे. डी. मार्टिनेझची १३-०, २००२ च्या शॉन ग्रीनची १६-३. कारण सरळ आहे, चार होम रन मारायला पाच-सहा वेळा बॅटिंग मिळावी लागते आणि ती तेव्हाच मिळते जेव्हा बाकीचे पण झोडपत असतात. म्हणजे बॅटरचं सगळं स्वतःच्या हातात असतं असं वाटतं तेही पूर्ण खरं नाही. कर्ट्झचा चौथा होम रन तर एरवी फिल्डिंग करणाऱ्या खेळाडूच्या पिचवर आला, कारण मॅच हातातून गेल्यावर ह्यूस्टनने खरे पिचर वाचवून ठेवले होते. मॅच जिंकण्याच्या दृष्टीने त्या होम रनची किंमत शून्याच्या जवळ. त्याच दिवशीच्या त्याच्या ६ पैकी ६ हिटबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण १७ एप्रिल १९७६ ची माइक श्मिटची मॅच मी त्याच्यावर ठेवेन. शिकागोच्या रिग्ली फील्डवर फिलाडेल्फिया १३-२ ने मागे होतं. श्मिटने सलग चार होम रन मारले, शेवटचा दहाव्या इनिंगमध्ये, टीमला पुढे नेणारा, आणि फिलाडेल्फिया १८-१६ ने जिंकलं. आकड्यात श्मिट आणि कर्ट्झ सारखेच, दोघंही २१ मधले एक.

सायकलवर फार वेळ घालवत नाही. सिंगल, डबल, ट्रिपल (एक, दोन, तीन बेसचे हिट) आणि होम रन एकाच मॅचमध्ये मारणं दिसायला सुंदर आहे पण त्याच माणसाने दोन डबल आणि दोन होम रन मारले असते तर टीमला जास्त फायदा झाला असता आणि त्याला कुठलंच नाव मिळालं नसतं. नक्षी आवडणं वेगळं, किंमत वेगळी.

मग डिमॅजिओ. १९४१, १५ मे ते १६ जुलै, सलग ५६ मॅचमध्ये निदान एक हिट. इथे माझा हिशोब असा: .३०० चा (दहा संधींत तीन हिट मारणारा) चांगला बॅटर, चार संधी, मॅचमध्ये हिट मिळायची शक्यता ७६ टक्के, आणि सलग ५६ वेळा मिळायची शक्यता ४८ लाखांत एक. .३५० वाल्याची ६० हजारांत एक. .४०० वाल्याची येते २,४०० त एक, आणि योगायोग असा की आपल्या त्या महान पिचरच्या परफेक्ट गेमचीही शक्यता साधारण तेवढीच आली होती. पण तसे पिचर प्रत्येक पिढीत दोन-चार असतात, .४०० वर सीझन संपवणारा बॅटर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये १९४१ नंतर झालेलाच नाही. शिवाय पिचरचं काम तीन तासांत संपतं, हे दोन महिने चालतं, आज झोप नीट झाली नाही, आज समोर लीगमधला सगळ्यात चांगला पिचर आहे, आज पाय दुखतोय, काहीही चालत नाही. आणि दुसरा नंबर? पीट रोज १९७८ मध्ये ४४, विली कीलर १९ व्या शतकात दोन सीझन मिळून ४५. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, आसपासही कुणी नाही.

नशिबाचा भाग तिथेही होता हे खरं आहे. शिकागोविरुद्ध लूक अ‍ॅपलिंगच्या खांद्याला लागून उडालेला बॉल हिट म्हणून मोजला गेला, दुसरा स्कोअरर असता तर कदाचित चूक धरली असती. पण नशीब दोन्हीकडून चाललं. क्लीव्हलंडमध्ये ६७ हजारांवर लोकांसमोर मालिका तुटली तेव्हा थर्ड बेसवरच्या केन केल्टनरने दोन वेळा बॅकहँडने अशक्य वाटणारे बॉल अडवले. शेवटच्या वेळी पिचर होता जिम बॅग्बी ज्युनियर, ज्याच्या वडिलांनी १९२० च्या त्याच ट्रिपल प्लेवाल्या मॅचमध्ये पिचिंग करून वर होम रनही मारला होता. (बेसबॉलमध्ये असे धागे सापडले की मला फार बरं वाटतं.) दुसऱ्याच दिवशीपासून डिमॅजिओने आणखी १६ मॅचमध्ये सलग हिट मारले.

पण अवघड म्हणजे मोलाचं, ही उलटी चूकही करू नये. त्याच ५६ मॅचच्या काळात डिमॅजिओची सरासरी .४०८ होती आणि बॉस्टनच्या टेड विल्यम्सची .४१२, वर विल्यम्स वॉक घेऊन बेसवर जायचा ते वेगळंच. सलग ५६ मॅचमध्ये एक-एक हिट आणि तेवढेच हिट कमी-जास्त वाटून आलेले, यात टीमला किती फरक पडतो? जवळजवळ काहीच नाही. त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान डिमॅजिओला मिळाला. मी तिथे असतो तर विल्यम्सला मत दिलं असतं आणि तरीही ५६ हाच सगळ्यात अवघड पराक्रम म्हटला असता. यात काही विसंगती आहे असं मला वाटत नाही.

राहिला ओहतानी. १७ ऑक्टोबर २०२५, मिलवॉकीविरुद्ध नॅशनल लीग चॅम्पियनशिपची चौथी मॅच. पहिल्या बॅटरला वॉक, पुढच्या तिघांना स्ट्राइकआउट, मग बॅट घेऊन लगेच होम रन. सहा इनिंगच्या पुढे गेला, एकही रन दिला नाही, १० स्ट्राइकआउट, एकूण तीन होम रन. डॉजर्स ५-१ ने जिंकले, म्हणजे ओहतानीच्या एकट्याच्या तीन रनवरही जिंकले असते. आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. त्याने नऊ इनिंग टाकल्या नाहीत, आणि डॉजर्स आधीच ३-० ने पुढे होते, हरले असते तरी सीरिज गेली नसती. याउलट लार्सन उतरला तेव्हा वर्ल्ड सीरिज २-२ अशी बरोबरीत होती. त्या वेळेची किंमत धरली तर लार्सनची मॅच ओहतानीच्या बरोबरीला येते, कदाचित पुढेही जाते, आणि यावर मी बराच विचार केला. पण लार्सनला दोन रन दुसऱ्यांनी करून दिले, त्यातला पहिला मँटलच्या होम रनने, आणि झेलही मँटलनेच घेतला. ओहतानीने रन दिलेही नाहीत आणि केलेही स्वतःच. याच्या जवळ जाणारी एकच मॅच मला सापडते, २३ जून १९७१ ची, जेव्हा फिलाडेल्फियाच्या रिक वाइजने सिनसिनाटीविरुद्ध नो-हिटर टाकली आणि दोन होम रनही मारले. वाइजचं नाव या वादात कुणी घेतंय का? मी तरी ऐकलं नाही, कारण त्या जोडीला नाव नाही आणि नाव नाही म्हणून यादी नाही.

शेवटी २६ मे १९५९ ची एक रात्र, मिलवॉकी. पिट्सबर्गचा हार्व्ही हॅडिक्स, अंगात फ्लू, बारा इनिंग परफेक्ट. छत्तीस आले, छत्तीस गेले. पण समोरच्या लू बर्डेटने १२ हिट देऊनही एकही रन होऊ दिला नव्हता. तेराव्या इनिंगमध्ये फिल्डरच्या चुकीने पहिला रनर चढला, बंट (बॅटने बॉल हळूच ढकलणं) टाकून त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं, हँक अ‍ॅरनला मुद्दाम वॉक दिला आणि जो अ‍ॅडकॉकने बॉल भिंतीपलीकडे मारला. अ‍ॅरन गोंधळून मधेच रस्ता सोडून गेल्याने तो होम रन नंतर डबल ठरला आणि स्कोअर लागला १-०. हा अ‍ॅडकॉक म्हणजे १९५४ मध्ये एका मॅचमध्ये चार होम रन मारणारा, २१ च्या यादीतला. मॅच जिंकली बर्डेटने, बारा हिट देऊन. हॅडिक्सची मॅच १९९१ मध्ये परफेक्ट गेमच्या अधिकृत व्याख्येतून बाहेर काढली गेली, त्यामुळे २४ मध्ये ती नाही. एका मॅचमध्ये सलग ३६ बॅटर आउट करणारा दुसरा पिचर अजून झालेला नाही.